फाइल गावातच उघडते

जानेवारी लागला की सावली, गोंडपिपरी, मूल, चामोर्शी या तालुक्यांतल्या गावांत गाड्या भरू लागतात. धान घरात आलेले असते, रोजगार हमीच्या कामाचा भरवसा नसतो आणि नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडणीला आलेली असते. मुकादम येतो, उचल देतो, माणसे मोजतो. भांडी, गोधड्या, तांदळाचे पोते आणि कडेवरचे लेकरू घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. करार नाही, मजुरीचा कागद नाही, कुणाकडे कुणाची नोंद नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हीच माणसे मिरचीच्या शेतांतून निघून उन्हातान्हात जंगलवाटांनी चालत घरी आली. आपली किती माणसे पलीकडे अडकली आहेत, हे त्यांना शोधायला निघालेल्यांनाही नीट सांगता येत नव्हते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांना पोटासाठी परमुलखात जाणे असे चांगले ठाऊक आहे. मात्र याच जिल्ह्यांत दुसरीही एक दुनिया आहे. ऊर्जानगरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, भद्रावतीची आयुध निर्माणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, घुग्घुस-गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने आणि आता सुरजागडच्या लोहखनिजावर उभा राहणारा कोनसरीचा प्रकल्प. या भट्ट्या, बॉयलर, कन्व्हेयर आणि पॅनेल चालवणारे हात इथेच तयार होतात. तालुक्याच्या गावी आयटीआय आहे, जिल्ह्याच्या गावी नर्सिंगचे शिक्षण आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, परिचारिका, डंपरचालक. मिरची तोडायला जाणाऱ्या आईबापांची मुले आज या यादीत आहेत, आणि त्यांच्या मोबाइलवर रोज एक जाहिरात येते: जर्मनीत नोकरी, जपानमध्ये नोकरी, दुबईत नोकरी, व्हिसाची हमी.

या जाहिरातीला उत्तर कसे द्यायचे, हा पुढील पानांचा विषय आहे. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण बहुतेक घरांची फसगत तिथेच होते. तरुण आधी देश ठरवतो, मग एजंट गाठतो, मग पैसे उभे करतो आणि कागदपत्रे सर्वांत शेवटी पाहतो. खरा क्रम याच्या उलट आहे. हातात कोणते कौशल्य आहे आणि ते कोणत्या कागदाने सिद्ध होते, हे आधी पाहायचे. तो कागद कोणता देश मानतो हे त्यानंतर, आणि व्हिसाचा अर्ज सर्वांत शेवटी. व्हिसा हे फाइलीचे शेवटचे पान असते. पहिली पाने शाळेत, आयटीआयत, ग्रामपंचायतीत आणि कारखान्याच्या गेटवर लिहिली जातात.

गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचे गाव आहे. भास्कर हलामी तिथले. घरी थोडीशी शेती, पावसाळ्यात काम नाही, अन्न नाही. अशा दिवसांत मोहफुले शिजवून खाल्ल्याची आठवण त्यांनी २०२२ मध्ये वृत्तसंस्थेशी बोलताना सांगितली होती. वडिलांना शंभर किलोमीटरहून दूर कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याचे काम मिळाले, आणि मुलाची चौथीपर्यंतची शाळा तिथल्या आश्रमशाळेत झाली. पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात दहावी, गडचिरोलीत बीएस्सी, नागपूरच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्रात एमएस्सी. २००३ मध्ये नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत ते सहायक प्राध्यापक झाले. त्यानंतर अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत डीएनए-आरएनएवर पीएचडी, आणि मग मेरिलँडमधल्या सिरनाओमिक्स या औषध संशोधन कंपनीत वरिष्ठ वैज्ञानिक.

ही कथा प्रेरणेसाठी सांगितली जाते आणि तशी ती आहेच. पण तिच्यात व्हिसाच्या दृष्टीनेही शिकण्यासारखे आहे. हलामी नोकरी शोधत अमेरिकेला गेले नाहीत. ते आधी शिकायला गेले, तिथल्या विद्यापीठाची पदवी मिळवली आणि त्या पदवीवर नोकरी उभी राहिली. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा किमान पदवी लागणाऱ्या कामांसाठी आहे. दरवर्षी ८५,००० जागा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सोडत. तिथे आयटीआयच्या प्रमाणपत्राला वाव नाही. कसनसूरच्या आश्रमशाळेपासून मेरिलँडपर्यंतची वाट खरी आहे, पण ती ज्ञानशाखेची वाट आहे. हस्तकौशल्याची वाट वेगळ्या देशांतून जाते.

कामासाठी परदेशी जाताना तीन कागद वेगवेगळे असतात आणि तिन्हींची सरमिसळ झाली की दलालाचे फावते. पासपोर्ट भारत सरकार देते. तो नागरिकत्वाचा आणि ओळखीचा पुरावा. करार परदेशातला मालक देतो. त्यात पद, पगार, तास, राहण्याची सोय आणि मुदत असते. व्हिसा किंवा कामाचा परवाना तिथले सरकार देते. दलाल यांपैकी एकही देऊ शकत नाही. तो फक्त मालकाशी गाठ घालून देऊ शकतो आणि अर्ज भरायला मदत करू शकतो. म्हणून ‘व्हिसाची हमी’ हे शब्द जिथे दिसतील तिथून पाय मागे घ्यावा.

आता एकाच आयटीआयच्या दोन मुलांकडे पाहू. एक इलेक्ट्रिशियन झाला, दुसरा वेल्डर. दोघांच्या हातात राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आहे, दोघे एकाच वर्षी महाऔष्णिक केंद्रात शिकाऊ उमेदवार होते. तरी परदेशाची दारे दोघांसाठी सारखी उघडत नाहीत. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. जर्मनीच्या कायद्यात कुशल कामगाराच्या प्रशिक्षणाची किमान मुदत दोन वर्षे धरलेली आहे. म्हणजे इलेक्ट्रिशियनला निदान अर्ज तरी करता येतो. एक वर्षाच्या ट्रेडला ते दार सहसा उघडत नाही. वेल्डरला मात्र आखात जवळचे आहे. तिथे कागदापेक्षा हाताची परीक्षा मोठी. पंचेचाळीस अंशांत तिरका, न हलणारा पाइप चहूबाजूंनी जोडायचा, ही ‘सिक्स-जी’ची चाचणी. ज्याने बॉयलरच्या शटडाऊनमध्ये उच्चदाबाच्या नळ्या जोडल्या आहेत आणि १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांखाली वेल्डरची परीक्षा दिली आहे, त्याला ती चाचणी परकी वाटत नाही.

जर्मनीचे नाव गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या गावोगाव पोहोचले, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. स्टुटगार्ट ही त्याची राजधानी. बॉश, मर्सिडीज, पोर्शे यांचा हा मुलूख. ११ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने प्रायोगिक तत्त्वावर १०,००० उमेदवारांचे लक्ष्य ठरले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, बसचालक, हॉटेलातले कर्मचारी असे सुमारे ३० प्रकारचे काम त्यात आले, आणि जर्मन भाषेच्या शिक्षणाचा खर्च शासनाने उचलायचे ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचे जाहीर केले.

आकडे मोठे असले तरी प्रत्येकाची परीक्षा एकेकट्याची असते. जर्मनीत जाण्याच्या मुख्य वाटा चार. पहिली, आपले प्रमाणपत्र तिथल्या प्रमाणपत्राशी ताडून पूर्ण मान्यता मिळवायची आणि मग नोकरीचा व्हिसा घ्यायचा. दुसरी, मार्च २०२४ पासून सुरू झालेली मान्यता-भागीदारी: मालक तयार असेल आणि जर्मन ए-२ पातळीपर्यंत येत असेल, तर तिथे जाऊन काम करता करता मान्यता पूर्ण करता येते. तिसरी अनुभवाची: दोन वर्षांचे, आपल्या देशात सरकारमान्य असलेले प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि दरवर्षी ठरणाऱ्या किमान पगाराची नोकरी. चौथी, १ जून २०२४ पासून आलेले ‘चान्सनकार्ट’ म्हणजे संधीपत्र: गुण मोजून, वर्षभर स्वतःच्या पैशाने तिथे राहून नोकरी शोधण्याची परवानगी. चौथी वाट ऐकायला सर्वांत सोपी आणि खिशाला सर्वांत जड, कारण महिन्याला हजारावर युरो या हिशेबाने वर्षभराच्या खर्चाची तजवीज आधी दाखवावी लागते. ज्या घराची सगळी शिल्लक धानाच्या बोनसवर चालते, त्याने या वाटेचा मोह टाळलेला बरा.

परिचारिकांचे प्रकरण निराळे आहे, आणि या जिल्ह्यांसाठी महत्त्वाचेही. इथल्या दुर्गम भागातल्या अनेक मुलींच्या घरात पगाराची पहिली नोकरी आली ती नर्सिंगमुळे. जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, एएनएम दोन वर्षांचा. परदेशात नोंदणीकृत परिचारिका म्हणून उभे राहायचे तर जीएनएम किंवा बीएस्सी हवे. एएनएमला बहुतेक ठिकाणी मदतनीसाच्या पातळीवर मोजतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असावी लागते, तिचे वेळेवर नूतनीकरण झालेले असावे लागते. जर्मनीत पूर्ण परवान्यासाठी भाषेची बी-२ पातळी लागते. सुरुवात शून्यापासून असेल तर तिला वर्षभराची चिकाटी द्यावी लागते. वॉर्डातल्या म्हाताऱ्या रुग्णाला कुठे दुखते ते त्याच्या भाषेत कळले पाहिजे, म्हणून ही अट आहे. घरात गोंडी किंवा माडिया, शाळेत मराठी, सिरोंच्याकडे तेलुगू आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी अशा तीन-चार भाषांत वाढलेल्या मुलीला पाचवी भाषा शिकणे शक्य आहे. वेळ लागेल, पण तिच्यापाशी भाषा शिकण्याची सवय आहे, आणि मोठ्या शहरातल्या कित्येकींपाशी ती नसते.

जपानची पद्धत परीक्षांची. एप्रिल २०१९ पासून तिथे ‘तोकुतेई गिनो’ म्हणजे निर्दिष्ट कौशल्याचा व्हिसा आहे, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासाठी जपानशी सहकार्य करार केला. दोन चाचण्या द्याव्या लागतात, एक कामाची आणि एक भाषेची. भाषेसाठी जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक चालते. वृद्धसेवेच्या कामाला त्या कामाच्या जपानीची आणखी एक चाचणी आहे. पहिल्या दर्जात जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते आणि कुटुंब नेता येत नाही. लग्न ठरलेल्या किंवा लेकरू लहान असलेल्या घराने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे.

इस्रायलची भरती थेट सरकारी पातळीवर झाली. मे २०२३ मध्ये ४२,००० भारतीय कामगारांचा करार झाला, त्यात ३४,००० बांधकामाचे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात चाचण्या झाल्या. शटरिंग, सळई वाकवणे, टाइल बसवणे आणि प्लास्टर ही कामे, आणि पगार महिन्याला लाख रुपयांहून अधिक. एजंटाचा फास नव्हता, तरी तिथे पोहोचलेल्या काही कामगारांचे कौशल्य मागणीशी जुळत नसल्याच्या बातम्या आल्या आणि त्यांना दुसऱ्या कामांना लावले गेले. शिवाय तो देश युद्धात होता. सरकारी शिक्का असला तरी कामाचा आणि जागेचा विचार उमेदवारालाच करावा लागतो, हे त्यातून दिसले.

आखाती देशांसाठी भारतातच एक जास्तीची पायरी आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ अशी नोंद येते, आणि अशा पासपोर्टवर सौदी, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीनसह १८ देशांत कामाला जायचे तर उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. अनेकांना ही अडवणूक वाटते. प्रत्यक्षात हीच एक अशी जागा आहे, जिथे कराराचा कागद सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढतो, मालकाची नोंद राहते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत १० लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. परिचारिकांना तर २०१५ पासून, पदवी असली तरी, या देशांसाठी ही परवानगी बंधनकारक आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे कामाचा व्हिसा करून देतो असे जो सांगतो, तो माणसाला या सगळ्या नोंदींच्या बाहेर ढकलत असतो. मिरचीच्या गाडीत बसलेल्या मजुराची जी अवस्था, तीच मग विमानाने गेलेल्याची होते.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांची नियमपुस्तके जाड आहेत. इथे एवढेच सांगायचे की ती फार वेगाने बदलतात. ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसाला लागणारा वार्षिक पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० झाला आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००. त्याच जुलैत बहुतेक नव्या अर्जांसाठी पदवीच्या तोडीचे काम हवे अशी अट आली आणि २२ तारखेला परदेशातून केअर वर्कर आणण्याचा मार्ग बंद झाला. त्या मार्गावर डोळा ठेवून केअरच्या शिकवण्यांत पैसे घातलेल्यांच्या हाती काही उरले नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२४ मध्ये जुना तात्पुरता व्हिसा काढून ‘स्किल्स इन डिमांड’ आणला. तिथे बऱ्याच ट्रेडना आधी कौशल्य मूल्यांकन करून घ्यावे लागते. खाणीतल्या सरदार किंवा ओव्हरमनचे डीजीएमएसचे, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाचे प्रमाणपत्र भारतात मोलाचे. ऑस्ट्रेलियातल्या खाणीत जबाबदारीच्या पदासाठी तिथल्या राज्याची वेगळी पात्रता लागते. कॅनडात एक्स्प्रेस एंट्रीचे गुण वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांवर मोजतात. तात्पर्य, कुठल्याही देशाचा नियम वाचताना तो कोणत्या तारखेचा आहे ते आधी पाहायचे, आणि तो त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहायचा.

आता आपल्या घरातल्या ट्रंकेकडे वळू. जात पडताळणीची फाइल ज्याने केली आहे, त्याला नावातल्या एका काना-मात्रेची किंमत सांगावी लागत नाही. परदेशाच्या फाइलीत हेच दुखणे रोमन लिपीत येते. मडावी हे आडनाव दहावीच्या प्रमाणपत्रावर एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पॅनवर तिसऱ्या. आत्रामचा ‘आ’ कुठे एका अक्षराचा, कुठे दोन. कुठे बापाचे नाव मधे आहे, कुठे गळाले आहे. लग्न झालेल्या मुलीचे शिक्षण माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. गावातल्या कचेरीत माणूस ओळखीचा असतो, तेव्हा हे चालून जाते. स्टुटगार्ट किंवा रियाधच्या टेबलावर मात्र हे दोन वेगळे इसम ठरतात. दुरुस्तीचे मार्ग आहेत: शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज, आधार केंद्रावर बदल, शासन राजपत्रात नावबदलाची नोंद. प्रत्येकाला महिने लागतात, म्हणून ते व्हिसाच्या आधी कितीतरी उरकावे लागतात.

पासपोर्टचे विभागीय कार्यालय नागपूरला आहे आणि चंद्रपूरच्या टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्राची सोय आहे. साधा दहा वर्षांचा पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो. पण अंतर हाही खर्च आहे. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे पोहोचते ती देसाईगंजला. सिरोंच्याच्या माणसाला नागपूरपेक्षा वरंगल जवळ. भामरागडच्या आतल्या गावातून पावसाळ्यात बाहेर पडणेच अवघड. अशा गावांना गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’चा आधार आहे, पोलीस मदत केंद्रांतल्या या खिडकीतून दाखले, आधार आणि योजनांचे अर्ज होतात. २०२३ च्या ऑक्टोबरआधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र चालते. ज्यांचा जन्म घरीच झाला आणि नोंद राहून गेली, त्यांच्यासाठी हे मोठे आहे.

दुसरे दुखणे अनुभवाच्या पत्राचे. खाणीत, सिमेंट कारखान्यात, वीजकेंद्रात दहा दहा वर्षे काम केलेले कितीतरी कुशल हात ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. ठेकेदार बदलतो, हात तोच राहतो, आणि कागद एकाही ठेकेदाराचा नसतो. परदेशी कचेरीला ‘प्लांटमध्ये सगळे ओळखतात’ हे सांगून भागत नाही. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, पगाराच्या पावत्या, बँकेतल्या जमा नोंदी, जुने गेटपास, सुरक्षा प्रशिक्षणाचे दाखले हे सगळे तारखेनुसार लावून ठेवले तर अनुभव उभा राहतो. ठेका संपतो त्याच आठवड्यात पदनाम, काम आणि तारखा लिहिलेले पत्र मागून घ्यावे; वर्षाने तो ठेकेदार कुठे असेल कुणास ठाऊक.

आरोग्य तपासणीही आधीच मनात धरावी. आखाती देशांच्या तपासणीत छातीच्या एक्स-रेवर जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी उमेदवार नापास होऊ शकतो. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायचे तर क्षयाच्या चाचणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. क्षयाचा उपचार पूर्ण केलेल्याने त्याची सगळी कागदपत्रे सांभाळून ठेवावीत, आणि एजंटाला पैसे देण्याआधी स्वतःच्या खर्चाने एकदा एक्स-रे काढून घ्यावा.

पैशांबाबत एक आकडा पाठ असावा. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्याचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर कुणालाही तपासता येतो. गावात फिरणाऱ्या उपदलालाला असा परवाना नसतो. दोन लाख, तीन लाख असे आकडे ऐकू आले, रोखीने मागितले गेले, पावती नाकारली गेली, मूळ पासपोर्ट ‘ठेवून घेतो’ म्हटले गेले, तर शेताचा सातबारा कुणाच्या हाती देण्याआधी १८०० ११ ३०९० या प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

फसवणुकीचे रूपही बदलते आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, इंग्रजी थोडे चालेल, तिकीट कंपनीचे, असे सांगून तरुणांना पर्यटक व्हिसावर नेले जाते आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारच्या वस्त्यांत डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने अशा साठहून अधिक भारतीयांची सुटका केली. यांतले अनेक जण शिकलेले होते. कराराची भाषा त्यांना वाचता येत होती. व्हिसावर ‘पर्यटक’ लिहिले आहे हे कुणी थांबून पाहिले नाही.

या सगळ्याला घाबरून घरी बसावे, असा या पानांचा सूर नाही. ऊर्जानगरच्या पॅनेलवर तयार झालेला हात जगात कुठेही उभा राहू शकतो, आणि एटापल्लीच्या मुलीने जर्मन रुग्णालयात रात्रपाळी करावी यात अशक्य काही नाही. पाठवलेल्या पैशातून विहीर होते, घर होते, धाकट्याचे शिक्षण होते. परत आलेला माणूस इथल्या प्लांटला नवी शिस्त देतो. मात्र हे सगळे नोंदीतून, करारातून आणि स्वतःच्या कमाईच्या कागदातून व्हावे. जे मिरचीच्या शेतात आईबापांना मिळाले नाही, ते मुलांना मिळावे, एवढाच या लेखनामागचा आग्रह आहे.

म्हणून पुढे पहिले प्रकरण जर्मनीचे नाही, जपानचेही नाही. ते दहावीच्या प्रमाणपत्राचे आहे. वाचकाने ते वाचायला घेताना आपली ट्रंक उघडावी. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, आयटीआयचे किंवा नर्सिंग कौन्सिलचे प्रमाणपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक चटईवर ओळीने मांडावे, आणि प्रत्येकावरचे स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख एकेक अक्षर बोटाने तपासत वाचावी. जिथे फरक सापडेल तिथे पेन्सिलीने खूण करावी.